घरजावयाची उमेदवारी

आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. अम्मी चौथीपर्यंत शिकली, अब्बा दहावीत अडकले आणि तिथूनच गल्फला गेले. ते जिझानच्या बंदरावर क्रेन चालवतात. माझ्या लहानपणी दोन वर्षांनी एकदा घरी यायचे. अम्मी पहाटेपासून जेट्टीवर कोळंबी सोलायची. तिच्या बोटांच्या चिरा पावसाळ्यातही भरत नसत. भाकरी थापताना त्यांत मीठ झोंबायचं आणि ती एकच शब्द बोलायची, "हुं."

बारावीला मला चांगले गुण पडले. आमच्या साखरखाडी गावाच्या जमातीचं, म्हणजे समाजाच्या संस्थेचं, शहरात मुलींचं वसतिगृह आहे. गल्फमधल्या गाववाल्यांनीच ते बांधलंय. अर्जात एक रकाना होता : ‘वडील मूळ गावचे आहेत का?’ अब्बा खाडीपलीकडचे. अम्मी नानांची, म्हणजे माझ्या आजोबांची, एकुलती एक, म्हणून ते घरजावई होऊन आमच्या गावात आले. मी ‘नाही’ लिहिलं. अर्ज परत आला. मग तीन वर्षं मी होडीने खाडी ओलांडली, पुढे एसटी, पुढे चालत, आणि बी.ए. झाले. राज्यशास्त्र, पहिला वर्ग. हे मी अभिमानानेच लिहिते. आता तालुक्याच्या शाळेत शिकवते.

गेल्या मे महिन्यात मी आणि अम्मी व्हिजिट व्हिसावर सौदीला गेलो ते अब्बांना भेटायला. निदान अम्मी त्यासाठी गेली. मी गेले अब्बांना निवडून आणायला.

गल्फमधल्या आमच्या जमातीचा अध्यक्ष पाच वर्षांनी निवडतात. वसतिगृहाचे नियम त्याच्याच हातात. आधी सौदी, कुवेत आणि दुबई या तीन ठिकाणचे गाववाले आपापला एकेक उमेदवार ठरवतात. मग त्या तिघांतून अध्यक्ष. सौदीचा उमेदवार तीन शुक्रवारी तीन गावांत ठरतो : जिझान, अल-खोबर, मक्का. मतं तिन्हीकडची मिळून मोजतात. मत माणसाला नाही, घराला. गावात ज्यांचं घर त्या घराचं एक. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या उमेदवारीसाठी एकेका राज्यात आधी मतदान होतं, छोट्या राज्यात पहिल्यांदा जिंकला की बाहेरच्या उमेदवारालाही वारं मिळतं, हा प्रश्न मला परीक्षेत दहा गुणांना आला होता. मी अब्बांना फोनवर म्हटलं, "आपलं जिझान पहिलं आहे. तिथे सगळी मतं घ्यायची. मग बघा."

अब्बा हसले. "तू शिकलीस गो. तू सांगशील तसं."

सगळं गाव त्यांना दुल्हाभाई, म्हणजे दाजी, म्हणतं. पंचावन्न वर्षांचा माणूस, केस पांढरे झाले, तरी दुल्हाभाई. जिझानमध्ये कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडला, कुणाचं कफीलशी, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाशी, बिनसलं, कुणी दवाखान्यात पडलं की पहिला फोन त्यांना. जमातीच्या अहवालात आभार मात्र वरच्या मोहल्ल्यातल्या मोठ्या लोकांचे. यंदा समोर होते त्याच मोहल्ल्यातले अन्वर साहेब, खोबरला इंजिनीअर. त्यांचे वडील अध्यक्ष, चुलते अध्यक्ष.

सामान

आमच्याकडे गल्फला जाणाऱ्याच्या घरी आदल्या आठवड्यात रांग लागते. कुणी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणतं, कुणी कोकम, कुणी मेथीचे लाडू, कुणी गुडघ्याचं तेल. प्रत्येक पुडक्यावर तिकडच्या माणसाचं नाव. हे सामान जाणाऱ्याने न्यायचं, स्वतःच्या हाताने द्यायचं आणि ‘घरी सगळे बरे आहेत’ म्हणायचं.

या वेळी पुडकी बावीस आली आणि विमानाचं वजन ठरलेलं. मी वही घेतली आणि तीन रकाने पाडले : पक्की मतं, कच्ची मतं, विरोधातली मतं. पक्क्या मतांवर वजन कशाला घालवायचं? कच्च्या घरांची पुडकी आधी, विरोधातल्या दोन-चार घरांचीही घेतली, तेवढंच मन वळेल. पाच पुडकी राहिली. पाचही जिझानच्या पक्क्या घरांची, आमच्याच बंदर मोहल्ल्यातली. त्यात शेजारच्या हाजरा खालाचं एक. तिचा रफीक अब्बांच्याच खोलीत राहतो.

अम्मी म्हणाली, "सामानाला नाय म्हणू नये. तुझे कपडे काढ."

"अम्मी, रफीक घरचाच आहे. समजून घेईल."

"घरच्याला म्हणून टाकायचा काय?"

मी ऐकलं नाही. खालाला पुडकं परत द्यायला मीच गेले. सोडे जुन्या ओढणीत बांधलेले होते. ती म्हणाली, "बरं." एवढंच. तिने पुडकं घेतलं आणि आत ठेवायला गेली ती बाहेर आलीच नाही.

जिझान

विमानतळावर एका अधिकाऱ्याने आमची बॅग उघडली आणि नाक मागे घेतलं. काहीतरी अरबीत विचारलं. अम्मीने हाताने मासा पोहताना दाखवला. "म्हावरा, बाबा, म्हावरा! सुका!" त्याने तोंडावर हात धरून हसू दाबलं आणि पुढे जायची खूण करत म्हणाला, "यल्ला, यल्ला."

जिझानची हवा अंगाला चिकटते, अगदी आपल्या किनाऱ्यासारखी, फक्त दुप्पट. बाजारात आंबे होते. अम्मीने एक हातात घेऊन वास घेतला आणि परत ठेवला. "दिसायला बरा आहे," ती म्हणाली. आमच्याकडे स्थळ नाकारताना असंच बोलतात. मोगरा मात्र तिला आवडला. इथले डोंगराकडचे पुरुष डोक्यावर फुलांचे गजरे घालून बाजारात येतात. अम्मी वळून वळून बघत होती. "तुमी पण घाला की," ती अब्बांना म्हणाली. अब्बा लाजले. मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं.

अब्बांनी आमच्यासाठी महिन्याभरासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी सगळे गाववाले भेटायला आले. मी पुडकी वाटली. रफीक भिंतीला टेकून उभा होता. सगळं वाटून झाल्यावर तो हसत म्हणाला, "माझं विमान चुकलं वाटतं."

सगळे हसले. मीही हसले. अब्बा हसले नाहीत. लोक गेल्यावर त्यांनी विचारलं, "हाजराने काय दिलं नाय?"

"दिलं होतं. वजन झालं."

"किती जणांचं राहिलं?"

"पाच."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं चिडतील. ते एवढंच म्हणाले, "मला विचारायचंस."

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर एका इस्तिराहात जमलो. इस्तिराहा म्हणजे गावाबाहेरचं भिंतीतलं घर, अंगण आणि दोन मोठ्या खोल्या, जेवणावळींसाठी भाड्याने मिळतं. पोस्टर, घोषणा, भाषणबाजी असलं इथे काही करायचं नसतं आणि कुणी करतही नाही. जेवायचं, दोन शब्द बोलायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. मातीच्या भांड्यात शिजवलेला तांबड्या समुद्रातला मासा होता. आमच्या बायकांनी त्यावर इथेही कोकमाचं पाणी ओतलंच. जेवण झालं की अर्धा तास सोडतात, त्याला म्हणतात ‘घरी विचारणं’. मला तो चहाचा वेळ वाटला. पुरुष अंगणात फोन कानाला लावून फिरत होते. मी आत बसून बेरीज करत होते : अठरा घरं, पंधरा पक्की.

चिठ्ठ्या उघडल्या. अब्बांना दहा, अन्वर साहेबांना आठ.

पंधरातून दहा गेले की पाच उरतात. त्या हिशेबाला बी.ए. लागत नाही. मी वर पाहिलं तर रफीक चपला शोधत होता, आणि त्याच्या चपला त्याच्या पायातच होत्या.

जिंकूनही हरल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर एक वाक्य गावभर, खोबरभर, मक्काभर फिरलं : ‘घरजावयाला त्याच्याच बंदरात धड जागा नाही.’

अल-खोबर

खोबर म्हणजे दुसरंच जग. समुद्राला बांधलेला लांब रस्ता, हिरवळ, मुलांच्या सायकली, थंडगार मॉल. आम्ही सलमा आपाकडे उतरलो. ती माझी शाळेतली दोन वर्षं पुढची मैत्रीण, तिचा नवरा कंपनीत डिझाइनर. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. तिच्या मुलीला अम्मीने विचारलं, "चटणी खातेस काय गो?" ती म्हणाली, "नो थँक्स, इट्स टू स्पायसी." अम्मी माझ्याकडे बघत राहिली. "मराठीच बोलली, फक्त बिनमिठाची," सलमा आपा म्हणाली.

जेवताना मी माझी योजना सांगितली : खोबरच्या बायकांना घरोघर भेटायचं, वसतिगृहाच्या अर्जातला तो रकाना कसा अन्याय करतो ते समजवायचं, मग त्या नवऱ्यांना सांगतील. सलमा आपाने ऐकून घेतलं आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"जिझानमध्ये तुझी पाच मतं का फुटली ते मला कळलंय. पाच पुडकी."

"रफीकने सांगितलं?"

"रफीक कशाला सांगेल? माझ्या सासूने सांगितलं. गावाहून." ती माझ्याकडे बघून हसली, पण टोमणा नव्हता त्यात. "तुझी मतं इथे नाहीत गो. मी नवऱ्याला सांगून काय होणार? घर गावात. मत घराचं. घरात सासू. तो अर्ध्या तासात फोन करून काय विचारतो, वाटतं तुला? चहात साखर किती घालू?"

मी हातातला घास ताटात ठेवला. तीन वर्षं राज्यशास्त्र शिकले, आणि मतदार कुठे बसतो हेच मला माहीत नव्हतं. मतदार आमच्या शेजारी बसत होता, ओटीवर सोडे निवडत. त्याचंच पुडकं मी परत केलं होतं.

संध्याकाळी समुद्राकाठी अन्वर साहेब भेटले, सहकुटुंब फिरायला आले होते. माणूस सभ्य. अम्मीला आधी सलाम केला, मला आइस्क्रीम विचारलं. मग म्हणाले, "तुमचे वडील भला माणूस. माझ्याच मेहुण्याला त्यांनी दवाखान्यात बसून सांभाळलंय. पण अध्यक्षाची मुळं गावात पाहिजेत, बेटा. झाड कुंडीत वाढत नाही."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही गावात किती दिवस राहता?"

"ते वेगळं."

"वर्षाचे वीस दिवस. अब्बाही वीसच. मग मुळं कुणाची किती खोल ते कुणी उपटून बघितलंय?"

ते हसले आणि रागावले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. न रागावणाऱ्या माणसाला हरवणं अवघड असतं. शुक्रवारी खोबरच्या बावीस घरांतली सहाच मतं आम्हाला पडली. सोळा त्यांना. आता मक्क्यात एकतीसपैकी किमान वीस मिळाली तरच आम्ही तरणार होतो, आणि मक्क्यात आमची धरून चालण्यासारखी होती दहा-बारा.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी मी समुद्राच्या कठड्यावर बसून हाजरा खालाला फोन लावला. अम्मी शेजारी बसली होती, मुद्दाम पाण्याकडे बघत.

"खाला, मी रेश्मा."

"हं. बरी हायस?"

"खाला, तुमचं पुडकं मी मुद्दाम टाकलं. वजनाचं कारण अर्धंच खरं होतं. मी यादी केली होती. कुणाची मतं पक्की, कुणाची कच्ची. तुमचं नाव पक्क्यात होतं, म्हणून सामान घेतलं नाही."

मग ती म्हणाली, "पक्क्याला कुणी टाकतं काय गो? कच्च्या भिंतीला टेकू द्यायला घराचा खांब काढलास."

"चुकलं, खाला. माफ करा."

"तुझ्या अम्मीच्या बाळंतपणाला मी होते. तू रडली नाहीस म्हणून मी तुला चापट मारली होती. आज मारायला हात पोचत नाय." मग आवाज उतरला. "रफीकला सोडे नाय भेटले म्हणून रागवले नाय मी. तिकडे सगळं मिळतं, मला ठाऊक हाय. पण माझ्या हातचं काहीतरी त्याच्या खोलीत जातं ना, दोन वर्षांत तेवढंच जातं."

अम्मीने माझ्या हातातून फोन घेतला. "हाजरा, पोरगी शिकली, पण अजून लहान हाय." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. अम्मी एकदम हसली, डोळे पुसले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, परत येताना रफीकचं सामान आधी भर. बाकी ती बघते म्हणाली."

"काय बघते?"

"ते नाय सांगितलं."

मक्का

मक्क्यात आधी उमरा केला. त्याबद्दल मी लिहीत नाही. ते माझं आणि अल्लाचं. इतकंच सांगते की गर्दीत अम्मीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बोटांच्या चिरा मला मोजता आल्या असत्या.

आमच्या गावचे लोक इथे हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, धोबीखान्यांत, बांधकामावर आहेत. एका खोलीत सहा-सहा. खोलीत स्वयंपाकाची पाळी ठरलेली, आणि ज्याची पाळी त्याच्या घरच्या मसाल्याची आमटी, म्हणून आठवड्यात सहा घरांची चव. अब्बा तीन दिवस खोल्याखोल्यांत गेले. मी त्यांना कागदावर मुद्दे लिहून दिले होते. त्यांनी तो कागद खिशात ठेवला आणि एकदाही काढला नाही. जिथे गेले तिथे ते भांडी घासू लागले. लोक म्हणायचे, "दुल्हाभाई, ठेवा ते." ते म्हणायचे, "माझी पाळी समजा."

शुक्रवारी शहराबाहेरच्या इस्तिराहात जेवण. पुरुष मोठ्या खोलीत, आम्ही सात-आठ बायका बाजूच्या खोलीत, मधलं दार उघडं. अन्वर साहेब खोबरहून आले होते. हाजी मामू, इथले सर्वांत वयस्कर, मध्ये बसले. अन्वर साहेब नेटकं बोलले. मग अब्बा उठायच्या आधीच त्यांच्या बाजूचा एकजण म्हणाला, "आधी एक खुलासा व्हावा. घरांची सामानं मतं बघून निवडली, हे खरं की खोटं?"

अब्बांनी सरळ ‘मला माहीत नव्हतं’ म्हटलं असतं तर ते खरंच होतं, आणि तिथेच सुटले असते. मी मनात म्हणत होते, म्हणा, अब्बा, तेच म्हणा.

ते म्हणाले, "खरं आहे. माझ्या मुलीने केलं. ती इथे आहे, तीच सांगेल. रेश्मा, ये गो."

जमातीच्या बैठकीत आमच्याकडे बाई बोलत नाही. अम्मीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ढकललं, हळूच नाही. मी दारात उभी राहिले. सगळं सांगितलं : वही, तीन रकाने, पाच पुडकी, खालाचा फोन. खांबाचं वाक्यही सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "हाजराबी बरोबर बोलली." मी म्हटलं, "हो. मी राज्यशास्त्र शिकले, ती नाही. तरी ती बरोबर बोलली."

एक म्हातारा खाकरून म्हणाला, "मुलगी कबूल झाली ते चांगलं. पण प्रश्न तोच राहतो. घरजावयाला अध्यक्ष करायचं?"

तेव्हा अब्बा उभे राहिले. कागद नव्हताच. ते म्हणाले, "मी तीस वर्षं घरजावई आहे. दुसऱ्याच्या घरात कसं राहायचं ते मला येतं. उंबऱ्यावर आवाज खाली ठेवायचा, काम आधी करायचं, मान मागायचा नाही. पण मला एक सांगा, इथे घरजावई नाही असा कोण आहे? आपण सगळेच कफीलच्या घरचे घरजावई. त्याने खलास म्हटलं की पेटी उचलायची. फरक एवढाच, माझ्या सासूने मला जेवायला वाढलं."

आधी कुणी हसेना. मग हाजी मामूंचे खांदे हलायला लागले, आणि मग सगळी खोली हसत सुटली. अन्वर साहेबही हसले, चष्मा काढून.

"अर्धा तास," हाजी मामू डोळे पुसत म्हणाले. "घरी विचारा."

या वेळी मला ठाऊक होतं की हा चहाचा वेळ नाही. खिडकीतून अंगण दिसत होतं. उन्हात तीसेक माणसं, प्रत्येकाचा हात कानाशी, प्रत्येकजण भिंतीची चतकोर सावली शोधत. एकजण नुसता ‘हां आई, हां आई’ करत होता. एकजण म्हणाला, "पण अन्वर साहेबांना मी शब्द दिलाय गो," आणि मग पुष्कळ वेळ ऐकतच राहिला. साखरखाडीत तेव्हा असरच्या नमाजाची वेळ टळली असेल. अम्मी तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत होती. मी ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

तेवढ्यात सलमा आपाचा मेसेज आला : ‘सासू सांगते, हाजरा खाला सकाळपासून मोहल्ल्यात फिरतेय. वरच्या मोहल्ल्यातही गेली, काठी टेकत. दारात म्हणते, पोरीने माझ्याकडे चूक कबूल केली, तुमच्याकडे कुणी कधी केली काय?’

मी तो अम्मीला वाचून दाखवला. तिने तसबीह थांबवली नाही.

चिठ्ठ्या मोजायला हाजी मामूंना चष्मा सापडेना. तो त्यांच्या खिशात निघाला. एकतीस चिठ्ठ्या. मी आकडे ऐकत नव्हते, अब्बांच्या पाठीकडे बघत होते. एकवीस म्हटल्यावर ती पाठ जराशी सैल झाली, ओझं उतरल्यावर होते तशी. अन्वर साहेबांना दहा. तिन्हीकडची मिळून तीन मतांनी अब्बा सौदीचे उमेदवार झाले. अन्वर साहेबांनीच पहिली मिठी मारली.

परतीच्या बॅगेत रफीकचं पुडकं सगळ्यांत आधी गेलं : खजूर, झमझमच्या पवित्र पाण्याची बाटली, एक गरम चादर, गुडघ्याला लावायचं मलम. माझे दोन ड्रेस तिकडेच राहिले. गावी पोचल्यावर हाजरा खालाने पुडकं माझ्यासमोर उघडलं नाही. छातीशी धरून आत नेलं. मग बाहेर आली आणि मला एक चापट मारली.

अध्यक्ष मात्र कुवेतचे उमेदवार झाले. शेवटच्या फेरीआधी त्यांनी अब्बांचा पाठिंबा मागितला तेव्हा अब्बांनी पद मागितलं नाही. एकच गोष्ट मागितली. या जूनपासून जमातीच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अर्जात ‘वडील मूळ गावचे आहेत का?’ हा रकाना नाही.